पलीकडे जाणारा डबा

आमच्या घराण्यात मोठ्या कारणावरून भांडणं होत नाहीत. मोठ्या कारणाला आम्ही सगळे कसे शहाण्यासारखे वागतो. आजोबांची जागा वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा आई आणि मावशी चहा निवायच्या आत मोकळ्या झाल्या, आणि उरलेला वेळ वकिलाच्या कोटाच्या बाह्या आखूड आहेत की नाहीत यावर बोलत बसल्या. पण एक पत्र्याचा डबा रिकामा परत आला आणि दोघींमधून विस्तव जाईना.

हा डबा बिस्किटांचा. गोल, रंग उडालेला, झाकणाला पोचा पडलेला. आजीनं त्यात आधी बटणं ठेवली, मग सुया, मग तो आई आणि मावशीच्या मध्ये फिरायला लागला तो फिरतच राहिला. आमचं घर रस्त्याच्या अलीकडे, मावशीचं पलीकडे. आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं दुकान आणि खिडकीपाशी मशीन. मावशीची बेकरी आहे. मशीनवर बसलं की खिडकीतून मावशीच्या भट्टीचं धुराडं समोर दिसतं, आणि भट्टीच्या दारातून आईची खिडकी. डबा रोज जायचा, रोज यायचा. एकच नियम होता, तो म्हणजे डबा रिकामा परत करायचा नाही. पाव, अंडी, उकडलेले बटाटे, जे असेल ते. एकदा आईकडे काहीच नव्हतं तर तिनं दोऱ्याचं रीळ टाकून पाठवलं. मावशीनं ते रीळ अजून भट्टीवरच्या फळीवर ठेवलंय, शिवत काही नाही.

आता माझं सांगते. मी रस्त्याच्या कचेरीत नकाशे काढते. हो, त्याच रस्त्याच्या. आमच्या दारासमोरचा रस्ता आधी साधा राज्य महामार्ग होता. एक गाडी जायची, एक यायची, मधल्या वेळात कुत्रं झोपायचं. त्याचा आता चौपदरी टोलरस्ता होणार होता. टोल भरून येणाऱ्याला सुसाट जायचं असतं, म्हणून भराव टाकून रस्ता उंच करायचा आणि दोन्ही बाजूंना जाळी लावायची. पलीकडे जायचं तर पार टोलनाक्याजवळच्या पुलावरून वळसा.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आईनं मशीन थांबवलं.

"म्हणजे सख्ख्या बहिणीकडे जायला मी टोल भरायचा?"

"चालणाऱ्याला टोल नसतो, आई. चालणाऱ्याला रस्ताच नसतो."

"असला कसला नकाशा काढलास गं, कार्टे?"

नकाशा मी काढला होता, रस्ता मी ठरवला नव्हता. पण हा फरक आईला समजावण्यात अर्थ नव्हता. मात्र माझ्या नकाशात आमच्या घरासमोर ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन होता. रस्त्याच्या पोटातून, जमिनीच्या पातळीवर, माणसांना जायला एक बोगदा. पायऱ्या नाहीत, चढ नाही. आईचे आणि मावशीचे गुडघे बघता त्यांच्यासाठीच काढल्यासारखा. तो ठिपक्यांचा होता, कारण तो होईलच असं नव्हतं. साहेबांचा दंडक असा, की त्या जागी आठवडाभर माणूस बसवून ये-जा मोजायची. पुरेशी माणसं पलीकडे जात असतील तर ठिपके जोडून रेघ सलग करायची. नसतील तर चौकोन पुसायचा.

मला काळजी नव्हती. आमच्या समोरून दिवसभर माणसं इकडून तिकडे जायची. अलीकडच्यांना पाव हवा, पलीकडच्यांना शिवण. मी मनात रेघ सलग करूनही टाकली होती.

आणि नेमका त्याच सुमाराला डबा रिकामा आला.

कामगार रस्त्याच्या दोन्ही कडांना लाल खुणा मारत होते, तो दिवस. संध्याकाळी मावशीचा मुलगा डबा घेऊन आला. त्याला सगळे पावशेर म्हणतात. जन्मला तेव्हा तेवढाच होता म्हणे, आता दारातून आडवा होऊन यावं लागतं. त्यानं डबा ठेवला आणि गेला. आईनं झाकण उघडलं. आत बघितलं. डबा उलटा करून हलवला. मग झाकण लावून शिवणाच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "बरं."

आईचं हे 'बरं' ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. माझ्या बाबांनी ऐकलं आणि जेवायच्या आधीच जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी आई गेली नाही. मावशी आली नाही. आईचं म्हणणं, धाकटीनं येऊन सांगावं काय चुकलं ते. मावशीचं म्हणणं, ताईला काही वाटलं असेल तर तिनं विचारावं, तोंड आहे ना तिला. मी दोन्हीकडे जाऊन बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशा त्या दोघी एकाच आईच्या लेकी.

त्यांच्यापुरतं असतं तर ठीक. पण आमची गल्ली म्हणजे परक्याच्या भांडणात घरच्यापेक्षा जास्त मन घालणारी. अलीकडच्या बायकांनी आईची बाजू घेतली आणि पाव बाजारातून आणायला लागल्या. बाजारचा पाव म्हणजे आदल्या दिवशीचा स्पंज. पलीकडच्यांनी मावशीची बाजू घेतली आणि शिवण टाकायचं बंद केलं. अर्धी पलीकडची वस्ती विजारीच्या खालच्या टोकाला सेफ्टी पिना लावून फिरत होती, पण निष्ठा सोडत नव्हती. सगळ्यात हाल बाबांचे. ते पावाशिवाय जेवत नाहीत आणि आईसमोर पावाचं नाव काढायची छाती नाही. बिचारे खिडकीत उभे राहून धुराड्याकडे बघायचे आणि वास घ्यायचे.

रस्ता ओस पडला. आणि त्या ओस रस्त्यावर, कडेला छत्री रोवून, खुर्ची टाकून, मोजणीवाले काका येऊन बसले.

काका म्हणजे सरळ पट्टीनं आखलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, पाण्याची बाटली, हातात मोजायचं यंत्र. माणूस पलीकडे गेला की अंगठ्यानं टिक. पहिल्या दिवशी मी कचेरीतून येताना विचारलं, "कसं काय, काका?"

"निवांत आहे," ते म्हणाले. "इथे बोगदा कुणी सुचवला? एक कुत्रं तेवढं चारदा गेलं."

घरी आले आणि आईसमोर उभी राहिले.

"आई, बाहेर मोजणी चाललीय. कुणी पलीकडे गेलं नाही तर बोगदा होणार नाही. मग भांडण मिटलं तरी मावशीकडे जाता येणार नाही. कळतंय का?"

"कळतंय," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. "जिला यायचंय तिनं यावं. मोजणीवाला दोन्हीकडची माणसं मोजतो ना?"

पलीकडे जाऊन मी मावशीलाही हेच सांगितलं. ती कणीक मळत होती. "ताई काय म्हणाली?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं गोळा असा काही आपटला की पिठाचा ढग उडाला. "मग बसू दे," ती म्हणाली. माझ्या दोन फेऱ्या मात्र काकांच्या यंत्रात पडल्या. एवढीच काय ती कमाई.

मी चिडले. दोघींच्या अशा वागण्यानं मला रडायला येत होतं, आणि रडू आलं की मी काहीतरी मूर्खपणा करते. तसा केला. पावशेरला गाठलं, त्याचे मित्र जमवले, गल्लीतली पोरंटोरं गोळा केली आणि सगळ्यांना सांगितलं, इकडून तिकडे जायचं, तिकडून इकडे यायचं, थांबायचं नाही. सगळे निघाले. पावशेर सगळ्यांत पुढे, हात हलवत. काका शांतपणे बघत राहिले. अंगठा जागचा हलला नाही.

"मोजत नाही का?" मी विचारलं.

"ताई, मला माणसं मोजायला बसवलंय, कवायत नाही," काका म्हणाले. "ज्याला पलीकडे काम आहे तो मी धरतो. दिवसातून वीसदा गेला तरी वीसदा धरतो. पण काम पाहिजे."

मी तोंडावर पडले. वर पावशेर दमून त्यांच्याच छत्रीत बसला आणि त्यांचं पाणी प्यायला.

असा आठवडा सरत आला. कचेरीत साहेब माझ्या टेबलावरून जाताना म्हणाले, "तो चौकोन पुसायची तयारी ठेवा." मी खोडरबर खणात टाकलं आणि खणाला कुलूप लावलं. हल्ली नकाशे संगणकावर होतात, खोडरबराचा काही संबंध नाही. पण मला बरं वाटलं.

शेवटचा दिवस सुट्टीचा होता. मी सकाळी उठले तेव्हा मशीनचा आवाज येत होता. आई कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाला काज करत बसली होती. गळ्यात टेप, केसांत खडू खोचलेला. मी चहा ओतत होते आणि मशीन थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं.

"धूर नाही," आई म्हणाली.

मी खिडकीपाशी गेले. धुराडं नुसतंच उभं होतं. मावशीची भट्टी बंद असलेली मी कधी बघितली नव्हती. ताप आला तरी ती भट्टी पेटवायची. मावशीचे यजमान गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही पेटवली होती, लोकांनी खायचं काय म्हणून.

"झोप लागली असेल," बाबा म्हणाले.

"तिला?" आई म्हणाली आणि उठली. चपला शोधल्या नाहीत. दारापर्यंत गेली आणि उलटी फिरली. मला वाटलं चपलांसाठी. पण तिनं कपाटावरचा डबा ओढला, समोरची मूठभर बटणं त्यात टाकली, झाकण दाबलं आणि धावली. आयुष्यात एवढी घाबरलेली आई मी बघितली नव्हती, पण त्या घाईतही तिनं रिकामा डबा नेला नाही. बटणांचा खुळखुळ आवाज करत ती रस्ता ओलांडून गेली. मी मागे. काकांच्या यंत्राचा आवाज मी ऐकला. टिक. टिक.

बेकरीचं दार उघडं होतं. आत मावशी पिठाच्या पोत्यावर बसली होती. ठणठणीत. हाताची घडी घातलेली.

"ये," ती म्हणाली. "किती वेळ लावलास."

आई दारातच थांबली. धाप लागली होती. "तू... भट्टी..."

"नाही पेटवली. मला माहीत होतं, धूर नाही दिसला की तू येशील. मी आले असते तर तू 'बरं' म्हणाली असतीस आणि मशीन चालू ठेवलं असतंस. आज मोजणीचा शेवटचा दिवस. म्हटलं, एक दिवस लोक पावाशिवाय मरत नाहीत."

आईनं डबा उचलला. मला वाटलं आता मारते. तिनं तो दाणकन फळीवर आपटला. दोऱ्याचं रीळ उडून खाली पडलं आणि गडगडत आईच्या पायाशी आलं. आईनं ते उचललं. बघत राहिली.

"हे अजून ठेवलंयस? मग डबा रिकामा का पाठवलास?"

मावशीची हाताची घडी सुटली. ती कधी खाली मान घालून बोलत नाही, तेव्हा घातली.

"त्या दिवशी त्यांनी लाल खुणा मारल्या," ती म्हणाली. "मी दारात उभी राहून बघितल्या. वाटलं, आता जाळी लागणार. मी भरून पाठवला तर तू भरून आणणार. मग मी, मग तू. आणि एक दिवस रस्ता बंद झाला की डबा कुणाकडे तरी अडकून पडणार. आईचा डबा आहे. तो तुझ्याकडे राहावा असं मला वाटलं. भरायला घेतला होता, ताई. पाव हातात होता. पण घातला असता तर तो परत आला असता."

आई खाली पोत्यावर बसली, मावशीच्या शेजारी. दोघी रडल्या. मीही रडले. लाजायचं काय त्यात? मग आई नाक पुसत म्हणाली, "मूर्ख आहेस. लहानपणापासून मूर्ख आहेस. भट्टी पेटव, बाबा उपाशी आहे तिकडे." आई बाबांना बाबाच म्हणते, आणि एरवी अरेतुरे करत नाही. त्यावरून मी ओळखलं की ती फार आनंदात आहे.

भट्टी पेटली. धुराड्यातून धूर निघाला तसे अलीकडच्या गल्लीत लोक बाहेर आले. पहिला पाव निघाल्यावर मावशीनं डबा भरला, बटणांच्या बदली पाव. आई तो घेऊन अलीकडे आली. टिक. घरी आल्यावर डबा रिकामा झाला, म्हणजे बाबांनी केला. आता तो रिकामा कसा पाठवायचा? आईनं अंडी उकडली आणि पलीकडे गेली. टिक. मावशीला अंडी मिळाली, मग तिनं बिस्किटं भरली आणि स्वतः घेऊन आली. टिक. आईनं तिला खुर्चीत बसवून तिच्या एप्रनचा उसवलेला खिसा शिवला आणि डब्यात संत्री दिली. टिक.

काका तिसऱ्या-चौथ्या फेरीला उभे राहिले. "आजी, काय काम आहे पलीकडे?"

"डबा द्यायचाय," आई म्हणाली. आजी म्हटल्याबद्दल तिनं त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला.

"आत्ताच दिलात ना?"

"तो तिनं भरून परत दिला. मग मी काय रिकामा देऊ? तुमच्या घरी देतात का रिकामा?"

काकांनी विचार केला. नियमात बसवून बघितला असावा. मग म्हणाले, "नाही देत." आणि टिक.

तोवर दोन्ही गल्ल्यांना बातमी लागली होती. अलीकडच्या बायका पिशव्या घेऊन निघाल्या, खोटं कशाला, त्या आठवडाभर या क्षणाची वाटच बघत होत्या. पलीकडून सेफ्टी पिनांची फौज आली. एकेकाच्या हातात तीन-तीन विजारी. आईच्या दुकानात रांग लागली, भट्टीसमोर रांग लागली, आणि रांगेत विसरलेली पिशवी आणायला परत, सुट्टे पैसे आणायला परत, भांडण मिटलं का ते खरंच बघायला परत. बाबा पावासाठी स्वतः गेले, येताना एक खाल्ला म्हणून दुसरा आणायला गेले. पावशेरला मी बोलावलं नव्हतं, तरी तो ट्रे डोक्यावर घेऊन ओरडत फिरत होता. काकांचा अंगठा दुखायला लागला, मग त्यांनी डाव्या हातानं मोजलं.

संध्याकाळी त्यांनी छत्री मिटली तेव्हा आई आणि मावशी दोघी डबा घेऊन त्यांच्यासमोर उभ्या.

"कामावर असताना मी काही घेत नाही," काका म्हणाले. मग यंत्र खिशात घातलं, खुर्चीची घडी घातली, आणि दोन पाव उचलले. "आता सुटलोय."

साहेबांनी मला आत बोलावलं. काकांचा आकडा बघून ते चकित झाले होते. "शेवटच्या दिवशी काय जत्रा होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब. रोजचंच. आधीचे दिवस वेगळे होते."

ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली. मी टेबलावर आले आणि ठिपके जोडून टाकले. बोगद्याची रुंदी मी अशी ठेवली की दोन बायका शेजारी चालत, हातवारे करत भांडू शकतील. आत एका भिंतीला लागून बुटका कट्टा काढला. साहेबांनी त्यावर पेन्सिल टेकवली. "हा कशाला?"

"गुडघ्यांसाठी, साहेब."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं, आणि सही केली.

रस्ता व्हायला पुढे बराच काळ गेला. धूळ खाल्ली, खडखडाट ऐकला, डबा रोज भरावावरून, पाइपांवरून, एकदा रोलरवाल्याच्या हातून इकडेतिकडे झाला. रोलरवाल्यालाही रिकाम्या हातानं सोडलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी मोठी माणसं टोलनाक्यावर फीत कापायला जमली. कचेरीतले सगळे तिकडे गेले. मी गेले नाही. मी बोगद्याच्या तोंडाशी उभी होते.

आई अलीकडून निघाली, मावशी पलीकडून. बरोबर मध्ये, कट्ट्यापाशी भेटल्या आणि बसल्या. डबा आईकडे होता. तिनं तो मावशीच्या हातात दिला. मावशीनं तो हातात तोलला आणि तिचा चेहरा बदलला. तिनं झाकण काढलं. मी मान लांब करून बघितलं. आत काहीही नव्हतं. एक बटणसुद्धा नाही.

"ताई," मावशी म्हणाली, "रिकामा?"

"हो," आई म्हणाली. "भरायला काही सुचलं नाही. आणि घाई कसली? उद्या येतेच आहे मी."

वरून टोल भरलेली पहिली गाडी गेली, आणि तिचा आवाज आमच्या डोक्यावरून आला आणि गेला. मग मावशीनं झाकण लावलं, डबा काखेत मारला आणि आईचा हात धरून उठली.

"मग सकाळी लवकर ये," ती म्हणाली. "पाव गरम असतात तोवर."